पोरं, नोकरी आणि ताकदीचा व्यायाम: तुम्ही कसं जमवता?

डोंगरवाट
परवा लिफ्ट बंद. झोपलेलं पोर खांद्यावर, दुसऱ्या हातात वाणसामान. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पार फेफे उडाली. आणि एकदम वाईचे आजोबा आठवले. पहाटे पडवीत जोर मारायचे, आम्हा नातवंडांतलं जे हलकं असेल त्याला पाठीवर बसवून. आजी आतून ओरडायची, "अहो, पोरगं पडेल!" तर म्हणायचे, "पडलं तर पडलं, जमीन काय लांब आहे?" सारवलेल्या जमिनीवर त्यांच्या तळहातांच्या जागी दोन गुळगुळीत खोलगे झाले होते. सणाला सारवलं की बुजायचे, आठवड्याभरात परत दिसायला लागायचे.

त्यांना वेळ होता असं म्हणावं, तर शेतीही होती आणि सहा पोरंही. (तीही आजीच सांभाळायची म्हणा.)

माझं म्हणाल तर जिम म्हणजे जाऊन-येऊन दीड तास, तो मिळत नाही. म्हणून आता घरीच, आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही एवढीच आहे: सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस. चालणं वगैरे त्याशिवाय. 'रोज' हा शब्द नाही हे वाचूनच निम्मं ओझं उतरलं.

तुमचं लिहा. पोरं झोपल्यावर, उठायच्या आधी, डोक्यावर बसलेली असताना, कसंही.

अळूवडी
वाचतेय. डबे भरून झाले की लिहिते.

दोन_पोरांचा_बाप
एक ढकलायचं, एक ओढायचं, एक बसून उठायचं, एक वाकून उचलायचं. बास. जोर झाले की लगेच बैठका, मग मिनिटभर दम. हात थकलेले असतात तेव्हा पाय काम करतात, त्यामुळे वेळ निम्मा लागतो.

ओढायचं घरात जमत नाही म्हणतात लोक. जाड चादरीच्या टोकाला गाठ मारा, गाठ दारावरून पलीकडे टाका, दार लावून कडी घाला. मग चादर धरून मागे रेला आणि स्वतःला ओढा. दार आपल्या अंगावर उघडणारं नको, एवढं बघा फक्त.

आणि वजन वाढवत राहा! शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. आरामात पंधरा होत असतील तर काहीतरी वाढवायची वेळ झाली. लोक वर्षानुवर्षं तेच दोन किलोचे गुलाबी डंबेल हलवत बसतात. मी पोराच्या दप्तरात पाच किलो तांदूळ घालून सुरू केलं, मग त्यात तूरडाळ आली. बायको म्हणते, आपल्याकडे डाळ व्यायाम करून मग कुकरात जाते.

रानभूल
डाळ =)) =))

सोनचाफा
बायकांसाठी लिहिते जरा. दुसरीच्या वेळेस पोटाचे स्नायू मधून फाकले होते, उठून बसताना मध्ये उंचवटा यायचा. फिजिओने क्रंचेस (पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे ते) पूर्ण बंद करायला लावले. आधी नुसता श्वास आणि ओटीपोटाचा तळ आत-वर ओढून धरणं, मग पाठीवर झोपून कंबर उचलणं, मग ओट्याला हात टेकून जोर. जमिनीवरचे जोर फार नंतर. सासूबाईंचं रोज एकच, "पोट बांध, सगळं जागेवर बसेल." मी पट्टाही बांधला आणि व्यायामही केला, घरात शांतता राहिली. श्रेय कोणाला गेलं ते विचारू नका.

नवीन आयांनो, तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नका. खोकताना-शिंकताना लघवी होत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, त्यावर व्यायाम असतात.

पिल्लू जागं झालं. पळते.

गवती_चहा
@सोनचाफा, फिजिओ पुण्यातली का? वेगळा निरोप टाकते.

शंकासुर
हे सगळं शहरी फॅड आहे. आमच्या आईने कधी डंबेल पाहिले नाहीत. घरकाम हाच व्यायाम.

अळूवडी
आले. डबे गेले.
@शंकासुर, भरलेला सिलिंडर साधारण ३० किलो. गॅस १४.२, बाकी टाकी. तुमच्या आईने तो सरकवला असेल आयुष्यभर, म्हणून आता गुडघे आणि कंबर कशी आहे ते विचारून या. घरकामात तेच ते हलकं काम हजार वेळा होतं. वजन वाढत नाही, कंटाळा वाढतो. तुम्ही भांडी घासता का, हा वेगळा धागा होईल.

शंकासुर
घासतो. रविवारी.

रानभूल
=))

बापूस_कॅलिफोर्निया
गॅरेजात १६ किलोची एक केटलबेल (कडी असलेला लोखंडी गोळा), बाकी काही नाही. मोजायला मुलगी असते. सातानंतर थेट अकरा म्हणते, त्यामुळे माझी प्रगती झपाट्याने चालू आहे. गाडी ड्राइव्हवेत उभी राहते म्हणून बायकोची कुरकुर, पण इथे बर्फ नाही, चालतं.

रांगडा_गडी
कोल्हापूरकर हजर! जोर म्हणजे नुसती छाती न्हवं भावांनो. खांदा, दंड, पाठ, कंबर, सगळं येतंय त्यात. पण वरती चादरवाल्या दादांनी बरोबर पकडलंय, जोर मारताना ओढायचं काम होत न्हाई. म्हणून तर तालमीत दोर चढायला लावत्यात. आता फ्लॅटमध्ये दोर कुठं बांधणार? पंखा खाली यील.

आन खाण्याचं कुणीच बोलंना. नुसतं चहा-खारी खाऊन दंड येत न्हाईत.

गवती_चहा
शाकाहारी लोकांनी काय करायचं मग?

दोन_पोरांचा_बाप
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम आली. हे सर्वसाधारण माणसाचं, व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्तच लागतात. अंड्यात सहाएक ग्रॅम. अंडं नको तर पनीर, सोयाबीन, हरभरे, घट्ट वरण. भात कमी, वरण जास्त.

रांगडा_गडी
वरण?? ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. आमच्याकडं पांढरा रस्सा.

अळूवडी
पांढऱ्या रश्श्याची नीट कृती टाका, मागे एकदा विचारलं होतं. नारळाचं दूध फाटतं माझं.

रांगडा_गडी
शेवटाला घालायचं, बारीक आचेवर, आन उकळी येऊ द्यायची न्हाई. सविस्तर रात्री.

सोनचाफा
परत आले. दूध तापेपर्यंत ओट्याशी उभं राहून टाचा वर-खाली करते, एवढंच होतं काही दिवशी. तेही धरा की.

डोंगरवाट
धरलं! सगळ्यांना धन्यवाद. आमच्याकडे चादर टांगली, तर पोराने तिचा झोका केलाय. माझा नंबर लागत नाही.

गवती_चहा
कोणाकडे जुने डंबेल पडलेत का? पाच किलोचे, डोंबिवली किंवा ठाणे. येऊन नेईन.

रानभूल
माझ्याकडे आहेत. दोन किलोचे. गुलाबी.