मदत हवी आहे : आईला कुशिंग सिंड्रोम आहे, मग अहवालात कॉर्टिसॉल कमी कसे?

नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. माझ्या आईला (वय ६१) कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा किंवा तशाच स्टेरॉइड औषधांचा दीर्घकाळ अतिरेक झाल्याने होणारा आजार, असल्याचे निदान नुकतेच झाले आहे. उपचार सुरू आहेत. मात्र आजार नीट समजून घेण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

गुडघेदुखीसाठी आई जवळपास दोन वर्षे एकाकडून औषधाच्या पुड्या आणत होती. पहिल्याच आठवड्यात दुखणे पळाले, तेव्हा आम्हीही खूश झालो होतो, हे कबूल करायला हवे. पुढे तिचा चेहरा गोल झाला आणि नातेवाईक ‘तब्येत छान भरली’ म्हणू लागले. प्रत्यक्षात ब्लाउज पोटाशी आवळत होता आणि बाह्यांत मात्र हात सैल पडत होते. जांभळी नाक्यावरून भाजीची पिशवी मनगटाला अडकवून आणली, तरी तिथे काळानिळा डाग उठे. पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागू लागला. साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढले.

पुड्यांचा संशय आल्यावर मी त्या एका दिवसात बंद केल्या. तीच माझी घोडचूक ठरली. चौथ्या दिवशी सकाळी ओकाऱ्या, प्रचंड थकवा आणि ८४/५० रक्तदाब अशा अवस्थेत तिला दाखल करावे लागले. हायड्रोकॉर्टिसोनचे (कॉर्टिसॉलचेच औषधरूप) इंजेक्शन देण्यापूर्वी घेतलेल्या रक्तात कॉर्टिसॉल अवघे १.३ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर निघाले आणि कॉर्टिसॉल बनवायला लावणारे एसीटीएच हे संप्रेरकही फार कमी होते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मला समजले ते असे : मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते आणि त्याच्या हुकमावर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की पीयूषिका हा हुकूम देणेच थांबवते आणि अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात. पुडीत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन यांसारखे कृत्रिम स्टेरॉइड मिसळलेले असावे, असा त्यांचा अंदाज आहे. कॉर्टिसॉलच्या चाचणीत ही औषधे सहसा मोजली जात नाहीत, म्हणून शरीरावर स्टेरॉइडच्या अतिरेकाच्या खुणा असूनही आकडा कमी येतो. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेल्या रुग्णांत दोष पीयूषिकेतल्या गाठीचा होता. आईचा प्रकार तो नव्हे, त्यामुळे सध्या एमआरआयची गरज नाही, असे ते म्हणाले. माझे हे आकलन बरोबर आहे का?

सध्या तिला हायड्रोकॉर्टिसोन सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम दिले जाते. ‘स्टेरॉइडनेच आजार झाला, मग पुन्हा स्टेरॉइड कशाला?’ असे मावशी रोज फोनवर विचारते आणि आईचे मन डळमळते. गोळी चुकवणे जिवावर बेतू शकते, हे मला पटले आहे. पण घरातल्यांना सोप्या शब्दांत कसे सांगावे? ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी पुन्हा काम करू लागायला किती महिने लागले? ताप आल्यास मात्रा दुप्पट करायला सांगितले आहे, पण उलट्या होऊन गोळी पोटात टिकलीच नाही, तर इंजेक्शन घरी ठेवता येते का, की थेट रुग्णालय गाठायचे? हे पुढच्या भेटीत विचारणार आहेच, तरी आपले अनुभव कळावेत.

आणखी एक. पुड्या थांबल्यापासून गुडघे पूर्वीपेक्षा जास्त ठणकतात आणि आई त्याच पुड्या परत मागते. अशा काळात दुखण्यासाठी आपल्या डॉक्टरांनी कोणता उपाय सुचवला होता?