गेटचं फुटेज कुणी नेलं?

मंजिरी, बी-४०३ (रात्री ८:५२)
सेक्रेटरी साहेब, वॉचमन म्हणाला दुपारी साध्या कपड्यातले दोघे येऊन पेनड्राइव्ह भरून घेऊन गेले. काय दिलं त्यांना?

सेक्रेटरी (८:५८)
वहिनी, पोलीस होते. आयकार्ड बघितलं मी. मागच्या गल्लीत बुधवारी चेन खेचली ना, त्यासाठी.

मंजिरी, बी-४०३ (८:५९)
बुधवारचं दिलं का फक्त?

सेक्रेटरी (९:०४)
डीव्हीआरमध्ये १५ दिवसांचं असतं, सगळं कॉपी झालं. शिवाय गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपची एक्सेल शीट मागितली, ती व्हॉट्सॲपवर पाठवली.

मंजिरी, बी-४०३ (९:०४)
कुणाच्या नंबरवर??

सेक्रेटरी (९:०६)
त्यांच्या स्वतःच्या.

नाईक, ए-१०१ (९:११)
एवढं काय त्यात? हिचं मंगळसूत्र गेलं तेव्हा समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यावरूनच चोर सापडला होता. पोलिसांना मदत करायची नाही तर कुणाला करायची? आपल्याला लपवायचंय काय?

मंजिरी, बी-४०३ (९:२३)
काका, शीट मागवून घेतली. आमच्या फ्लॅटच्या ३४ नोंदी आहेत. सासूबाईंची डायलिसिसची गाडी कोणत्या वारी येते, फिजिओ किती वाजता, मुलीची शिकवणी कधी, प्रत्येकाचा मोबाइल नंबर. दुपारी बारा ते दोन घरात सासूबाई एकट्या असतात, हे त्यावरून शेंबड्या पोरालाही कळेल. मी काही लपवत नाहीये, पण हे मी कुणाला सांगितलेलंही नाही.

रोहन, सी-५०२ भाडेकरू (९:२६)
मला तर गेल्या महिन्यात रात्री नाकाबंदीत थांबवून फोन उघडायला लावला. गॅलरी बघितली, चॅट वाचले. गुन्हा नाही, तक्रार नाही. हेल्मेटसकट सगळं होतं माझ्याकडे 😐

अप्पा, सी-२०१ (९:४९)
एका बोटाने टाइप करतोय, जरा धीर धरा. कोर्टात शिरस्तेदार म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे राहवत नाही.

नाईक, मदत करायचीच. पण कागद घेऊन.

१९५४ साली एम. पी. शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितलं होतं की अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखं झडतीपासूनचं संरक्षण आपल्या घटनेत नाही. १९६२ ला खरक सिंगचा खटला आला. पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप मारून तो घरात आहे का बघायचे. ती थाप कोर्टाने बंद केली, पण खासगीपणाचा म्हणून हक्क काही मानला नाही. तो मानायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीश, एकमताने, कलम २१ म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काखाली. (त्यात मुख्य निकालपत्र लिहिणाऱ्या धनंजय चंद्रचूडांनी वडिलांचा सहभाग असलेला, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही म्हणणारा निकालही मोडीत काढला. असं घराणं विरळा!)

मंजिरी, तुझ्या शीटला लागू पडतो तो मात्र २००४ चा कॅनरा बँकेचा निकाल. कागद बँकेकडे ठेवले म्हणून ते तुमचे खासगी राहत नाहीत, असं नाही. खासगीपणा माणसाचा असतो, जागेचा नाही. तसंच तुझी वही गेटच्या ॲपकडे असली तरी ती सेक्रेटरींची होत नाही.

सेक्रेटरी (९:५३)
अप्पा, मी काय वकील आहे का? दोन पोलीस समोर उभे होते.

अप्पा, सी-२०१ (१०:०८)
तुझा दोष नाही रे बाबा. उद्यापासून एवढंच म्हणायचं, "साहेब, पत्र द्या, लगेच देतो." नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, कलम ९४ आहे. ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने वस्तू, कागद, इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवू शकतो. आदेश ईमेलने आला तरी चालतो, पण लेखी हवा. त्यात तारीख, वेळ, कोणता कॅमेरा हे आलं की तेवढं काढून द्यायचं. बुधवारचा तासभर मागितला असता तर कुणी हरकत घेतली असती?

आणि घरात झडती घ्यायला आले तर कलम १०५ प्रमाणे व्हिडिओ करणं त्यांनाच बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून. आमच्या वेळी पंच म्हणजे चहाच्या टपरीवरचा माणूस. पंचनामा न वाचता सही. एक पंच तर इतक्या खटल्यांत यायचा की बेलिफ त्याला नावाने हाक मारून "बसा" म्हणायचा.

रोहन, सी-५०२ भाडेकरू (१०:१०)
आणि फोन?

अप्पा, सी-२०१ (१०:२१)
अवघड आहे. १९६१ च्या मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड खटल्यात ११ न्यायाधीशांनी ठरवलं की बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. तेव्हा ठसा शाई लावून कागदावर उमटायचा, आता त्याच बोटाने तुझं सगळं आयुष्य उघडतं. पासवर्ड डोक्यात असतो, तो सांगायला लावणं वेगळं, असा युक्तिवाद वकील करतात. मला तो पटतो. तू आपला ठसा काढून पिन ठेव.

नाईक, ए-१०१ (१०:२४)
म्हणजे पोलिसांनी चुकीने घेतलं तर पुरावा रद्द होतो ना? मग काळजी कसली?

अप्पा, सी-२०१ (१०:३३)
इथेच फसतो आपण, नाईक. अमेरिकेत बेकायदा झडतीतला पुरावा बहुतेकदा बाहेर फेकला जातो. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या पूरनमल निकालापासून तो उपयोगाचा असेल तर सहसा चालतो. २०१९ ला मुंबई हायकोर्टाने बेकायदा फोन टॅपिंगच्या नोंदी नष्ट करायला लावल्या खऱ्या, पण त्यासाठी माणसाला हायकोर्टात जावं लागलं. मंजिरी शीटसाठी हायकोर्टात जाणार आहे का? एकदा गेलं ते गेलं. म्हणून जे अडवायचं ते गेटवरच.

नाईक, ए-१०१ (१०:३६)
पत्र मागायला माझी हरकत नाही. पण उगाच अडवणूक नको.

मंजिरी, बी-४०३ (१०:३८)
आणि मुळात ॲपमध्ये इतक्या दिवसांच्या नोंदी कशाला? सात दिवसांनी आपोआप पुसायचं सेटिंग आहे, मी बघितलं.

सेक्रेटरी (१०:५१)
ते उद्याच करतो. शीट 'डिलीट फॉर एव्हरीवन' केली. पण निळ्या टिका दुपारीच आल्या होत्या. साहेबांना फोनही लावला. म्हणाले सोमवारी पत्र पाठवतो, आजची तारीख टाकून देतो.

अप्पा, सी-२०१ (१०:५७)
सोमवारी येईल त्यावर सोमवारचीच तारीख हवी. जावक क्रमांकही बघून घे.