डार्क एनर्जी आहे की नाही? कोणीतरी नीट सांगा

डिचोलीकर:
चवथीला माटोळी बांधता बांधता भाचीने विचारलं, मामा विश्वाचा ६८ टक्के भाग डार्क एनर्जी म्हणतात आणि युट्यूबवर एकजण सांगतो ती नाहीच, मग २०११ चं नोबेल कशाला दिलं? बारावी सायन्सला आहे ती, मी आपला सुपाऱ्यांचा घड बांधत राहिलो. खात्री नाही तर ६८ आकडा आला कुठून?

फोंडा_खगोल:
नोबेल डार्क एनर्जीला नाही हो, विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे दाखवलं त्याला. पर्लमटर, श्मिट, रीस. १९९८ मध्ये दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन फुटणारे तारे, अपेक्षेपेक्षा फिके दिसले, म्हणजे जास्त लांब गेलेले. वेग का वाढतो ते कोणालाच माहीत नाही, त्या न कळलेल्याला दिलेलं नाव ते. ६८ चं म्हणाल तर एक ठरावीक मॉडेल धरून मोजमापं बसवली की तो आकडा पडतो.

म्हापशेकर:
म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसेच की मरे 😄

पेडण्याची_मास्तरीण:
तसं नाही बाब. वाद दोन आहेत, युट्यूबवाले त्यांची खिचडी करतात. वेग खरंच वाढतो का यावर शंका घेणारे मोजके, ऑक्सफर्डचे सुबीर सरकार, न्यूझीलंडचे विल्टशर वगैरे. त्यांचं ऐकावं, पण सुपरनोव्हा बाजूला ठेवले तरी आकाशगंगांची मांडणी आणि बिग बँगनंतरचा मायक्रोवेव्ह प्रकाश मिळून तेच सांगतात त्यामुळे बहुतेकांना पटत नाही. दुसरा वाद, डार्क एनर्जी कायम सारखी आहे की बदलते, हा सध्याचा खरा गरम विषय. अमेरिकेत ॲरिझोनात किट पीकवरच्या दुर्बिणीला डेसी हे आकाशगंगांचा नकाशा काढणारं यंत्र जोडलंय, दुर्बिणीच्या तोंडाशी ५००० फायबर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारे काचेचे धागे, प्रत्येकाला स्वतःचा छोटा रोबोट, तो सरकून बरोबर एकेका आकाशगंगेवर फायबर नेतो. मार्च २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की ती हळूहळू कमजोर होत असावी. पण गोम अशी की सुपरनोव्हाची कुठली यादी जोडता त्यावर निकाल २.८ सिग्मा ते ४.२ सिग्मा असा हलतो (आकडा जितका मोठा तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी), आणि ५ झाल्याशिवाय शोध लागला म्हणत नाहीत.

म्हापशेकर:
४.२ म्हणजे जवळपास झालंच की

पेडण्याची_मास्तरीण:
कागदावर. सिग्मा योगायोगाची शक्यता सांगतो, जवळचे आणि लांबचे सुपरनोव्हा वेगवेगळ्या दुर्बिणींनी मोजताना कुणाचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजपट्टीच, न कळत सरकलं असेल तर ते त्यात दिसत नाही. सुपरनोव्हा न घेता डेसी अधिक मायक्रोवेव्ह एवढंच धरलं तर ३.१ येतो, मी तोच धरून चालते.