वडिलांच्या आठवणी लिहिताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : माझे वडील शिरोळ तालुक्यातील. मराठा लाइट इन्फंट्रीत ते १९७१ च्या युद्धकाळात होते. निवृत्तीनंतर मात्र पहाटे चारला उठून म्हशींची धार काढायची, डेअरीत दूध घालायचे आणि मग उसाला पाणी पाजायला जायचे, हाच त्यांचा क्रम होता. वर्षश्राद्धापूर्वी नातवंडांसाठी त्यांचे चरित्र लिहायचे आहे. पण युद्धाविषयी ते कधीच बोलले नाहीत.

प्रतिसाद : दादा, आधी त्यांची पदके पाहावीत. संग्राम पदक त्या काळातील सेवेसाठी मिळाले. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर ते पूर्व आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेकडे. डिस्चार्ज बुकावरील सेवाक्रमांक घेऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरच्या अभिलेख कार्यालयास पत्र लिहावे.

प्रतिसाद : मी सैनिक टाकळीची सून आहे. आमच्या मामंजींविषयी आम्ही फक्त लढाईच लिहिली आणि संसार राहून गेला, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या आईंना बोलते करा. मनीऑर्डर यायला उशीर झाला की त्या घर कसे चालवत, हेसुद्धा त्यांच्याच सेवेचे पान आहे.

प्रश्नकर्ता : ताई, आज ट्रंक उघडली. ‘पूर्वी स्टार’ सापडला. आईने तो पदराने पुसला आणि प्रथमच बोलू लागली.