अंबाबाईचा किरणोत्सव: आईला घेऊन नेमकं कधी यावं?

मेधा_नाशिक
नमस्कार मंडळी. कोल्हापूरची अंबाबाई आमची कुलस्वामिनी. आईने नवरात्र पाहिलंय, ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडताना पाहिलाय, पण मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव राहून गेला. आता तिचे गुडघे साथ देत नाहीत, फार वेळ उभं राहवत नाही. नोव्हेंबरात आणावं की जानेवारीअखेर? देवीच्या मुखावर किरणं पडतात तो एकच दिवस गाठला तर चालेल का?

महाद्वारकर
मेधाताई, माझं ओटीच्या सामानाचं दुकान महाद्वार रोडला आहे, वडिलांपासूनचं. त्या दिवसांत पाच वाजले की गल्ला मुलाकडे सोपवून मी देवळात जातो.

परंपरेच्या तारखा 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कमर, तिसऱ्या दिवशी मुख. अलीकडे पाच दिवसांचाही धरतात. पण सूर्य आपल्या हिशेबाने चालत नाही. कधी दुसऱ्याच दिवशी किरणं मुखापर्यंत जातात, कधी तिसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत येऊन विरतात. नोव्हेंबरात ढगांची भीती, जानेवारीत धुरकट हवेची. म्हणून नुसता मुखाचा दिवस गाठायला येऊ नका. वाट बघायला या, किरणांची वाट.

देवी पश्चिमाभिमुख. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडतं, गणपती चौक, कासव चौक करत पितळी उंबऱ्याशी येतं. आतले दिवे मालवलेले असतात. एवढी गर्दी, पण तिथून पुढे कुणी कुणाला ढकलत नाही. मग चांदीचा उंबरा, कटांजन म्हणजे मूर्तीपुढचा कठडा, आणि चरण. चरणांवर सोनेरी पट्टा आला की बायका हात जोडतात आणि पुरुषांच्या डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही. तिथून ऊन वर चढतं, गुडघे, कमर, छाती. हे सगळं मिनिटांचं काम असतं. मुखावर किरणं आली की घाटी दरवाज्याची घंटा होते आणि आरती सुरू.

आईंना जमेल तर दोन दिवस मुक्काम करा. ऊन चरणांवरून परत फिरलं तरी त्या दिवशी देवीने काही कमी दिलं असं मला कधी वाटलेलं नाही.

आणि एक मनापासून सांगायचंय, इथे कोल्हापूरचेही बरेच जण वाचतात. किरणांची ही वाट मोकळी ठेवणं आपल्याच हातात आहे. रस्त्यावरचा एखादा वाढवलेला मजला, गच्चीवरची पाण्याची टाकी, जाहिरातीचा सांगाडा, एवढ्यानेही ऊन अडतं. देऊळ बांधणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी जी रेघ साधली, ती एका टाकीपायी तुटू नये. अडथळे काढायची मोहीम मधून मधून होते. पुन्हा उभे राहू न देणं हे आम्हा दुकानदारांचं आणि घरमालकांचं काम आहे.

खगोल_सांगली
तारखांमागचं गणित सुंदर आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वात दक्षिणेला असतो. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर हे 41 दिवस आणि 21 डिसेंबर ते 31 जानेवारी हेही 41 दिवस. दक्षिणेकडे सरकताना सूर्य जिथे मावळतो, परतताना तो त्याच ठिकाणी येतो, म्हणून वर्षातून दोनदा. या काळात तो ऐन पश्चिमेला न मावळता बराच दक्षिणेकडे मावळतो. तो जसजसा खाली जातो तसतसं ऊन आडवं होत मूर्तीवर वर चढतं. मावळता सूर्य उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे सरकत असल्याने ऊन देवीच्या डाव्या अंगाने निघून जातं.

कागलची_सून
मेधाताई, सासूबाईंना मी असंच नेलं होतं. त्यांनाही उभं राहवत नव्हतं. पितळी उंबऱ्यापाशी फार दाटी होते, तिथला हट्ट धरू नका. बाहेर मोठा स्क्रीन लावतात, त्यावर गाभारा स्वच्छ दिसतो. आम्ही आवारातच बसलो. घंटा झाली तशा सासूबाई माझा हात धरून उभ्या राहिल्या आणि पूर्ण आरती उभ्यानेच म्हटली.

मेधा_नाशिक
सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, चरणांवर पडलेलं ऊन दिसलं तरी पुरे. 31 जानेवारी आणि 1 फेब्रुवारी असं ठरवतोय. ओटी कधी भरावी?

महाद्वारकर
ओटी सकाळीच भरून घ्या. दुपारनंतर गर्दी वाढत जाते, आईंना त्रास होईल. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, वेणी एवढं पुरे, महागाची साडी हवीच असं काही नाही. मग खोलीवर जाऊन आईंना विश्रांती द्या आणि साडेचारच्या आत आवारात येऊन बसा. जानेवारीअखेर किरणं सव्वासहाच्या सुमारास गाभाऱ्यात असतात, नोव्हेंबरात पावणेसहाला. पाण्याची बाटली आणि बसायला सतरंजी असू द्या, फरशी संध्याकाळी गार पडते.