टेबल सॉ बदलायचाय: उलटं बसवलेलं कटर सोडून आता काय घ्यावं?

कराडचा_सागवान

नमस्कार मंडळी. घरामागे पत्र्याची शेड आहे साधारण १२ बाय १५ ची, तिथे हौसेखातर सुतारकाम चालतं. आत्तापर्यंत ७ इंची हातातलं सर्क्युलर सॉ १९ एमएम प्लायच्या टेबलाखाली उलटं टांगून काम भागवलं. गाईड म्हणून अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप, दोन क्लॅम्प लावून. स्टूल, शेल्फ, देव्हारा असली कामं त्यावर बरी झाली.

आता विषय वेगळा झालाय. गावचं जुनं घर उतरवलं आणि कडीपाटाचा सगळा सागवान माझ्याकडे आला. कड्या आहेत, फळ्या आहेत, दोन मोठ्या तुळया आहेत. इतकं सुकलेलं, सरळ रेघेचं लाकूड आता वखारीत मागूनही मिळत नाही. त्यातून घरचं डायनिंग टेबल आणि बहिणीच्या घरासाठी पलंग करायचाय. आणि हे लाकूड वाया जाऊ नये एवढीच मनापासून इच्छा आहे.

अडचण अशी की १८५ एमएमचं ब्लेड मुळात ६५ पर्यंत जातं, त्यातले १९ प्लायच खातं, म्हणजे हातात राहतात पंचेचाळीस. दोन इंची कडी एका फेरीत फाटत नाही, उलटी करून दुसरी फेर मारावी लागते आणि मधे पायरी पडते. पाइप मागच्या टोकाला एखादा एमएम सरकतोच. ब्लेडच्या मागे रायव्हिंग नाईफ (फाडलेली फट उघडी धरणारी पट्टी) नाही, वर गार्ड नाही आणि स्विच टेबलाखाली, म्हणजे काही झालं तर वाकून हात घालायचा.

बजेट ५० ते ५५ हजार, ब्लेडं धरून. सिंगल फेज आहे, लाइट जाते-येते. डोक्यात तीन पर्याय आहेत. एक म्हणजे बॉशचं जीटीएस २५४ किंवा त्या जातीचं १० इंची पोर्टेबल. दुसरं लोकल बनावटीचं बिडाच्या टेबलाचं ३ एचपी मशीन. तिसरं म्हणजे रंधा आणि कटर एकत्र असलेलं, आपल्याकडे गावोगावी सुतारांकडे असतं तसलं. कोण काय वापरतंय, अनुभव सांगा.

सुतारमेट_नाशिक

दादा, आमच्या घरी तिसरी पिढी या धंद्यात आहे म्हणून स्पष्ट सांगतो, लोकल इंडक्शन मोटरचं घ्या. पोर्टेबलची मोटर कार्बन ब्रशची असते, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि सुका सागवान सलग फाडायला घेतला की तासाभरात बॉडी तापते. इंडक्शन मोटर दिवसभर चालवा, आवाज निम्मा पण नाही आणि बेअरिंग गेलं तर गावातला रिवाइंडिंगवाला बदलून देतो. बिडाचं टेबल जड असतं, जाड लाकूड ढकललं तरी मशीन हलत नाही. राजकोट, बटाला, जालंधर इकडची मशीनं येतात, नाशिक-पुण्यात डीलरकडे उभी असतात, जाऊन हात लावून बघा.

फक्त एक बघा, पुली कुठली दिलीय ते. २८८० आरपीएमची मोटर सरळ १:१ ने ब्लेडला जोडली असेल तर १० इंची कार्बाइड ब्लेडला तो वेग कमी पडतो, लाकूड ओढल्यासारखं कापतं आणि कड काळी पडते. मोटरची पुली दीडपट मोठी लावली की ४३०० च्या आसपास जातं, तिथे ब्लेड खरं चालतं. ब्लेडवर जास्तीत जास्त आरपीएम छापलेला असतो त्याच्या आतच राहायचं.

रंधा-कटर एकत्रवालं घेऊ नका. त्याचा रंधा चांगला असतो, कटर मात्र बाजूला काढलेल्या शाफ्टवर ब्लेड चढवलेलं, गाईड धड नाही की गार्ड नाही. आमच्याकडे ते फक्त रंध्यासाठीच वापरतात.

गेज_चिंचवड

सुतारमेट, मोटरबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण मूळ पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही सोडली, रायव्हिंग नाईफ नाही ही. त्या बजेटमधल्या बऱ्याच लोकल मशीनला पण तो नसतो. माझं मत असं की एचपी नंतर बघा, आधी रायव्हिंग नाईफ, मग फेन्स (लाकूड टेकवून सरळ ढकलायची गाईड), मग स्विच. या तीन गोष्टी धड नसतील तर मशीन कितीही जड असू दे, घेऊ नका.

कारण नीट सांगतो. ४३०० आरपीएमला १० इंची ब्लेडची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असते. पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, तिथे काही धोका नाही. मागचे दात वर येत असतात. फाडलेल्या लाकडाची फट मागे मिटली किंवा फळी फेन्सकडून ब्लेडकडे जरा वळली की ते मागचे दात तिला उचलतात आणि तुमच्याकडे फेकतात, यालाच किकबॅक म्हणतात. आणि जुन्या कडीत हा धोका जास्तच. इतकी वर्षं छताचं ओझं घेऊन बसलेल्या लाकडात ताण असतो, अर्धं फाडलं की दोन्ही फाका आपोआप मिटायला लागतात, तुम्ही कितीही सरळ ढकला. रायव्हिंग नाईफ ती फट उघडी धरतो. तो ब्लेडबरोबर वर-खाली व्हायला हवा, ब्लेडच्या पाठीमागे काही एमएम अंतरावरच हवा आणि त्याची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त पण दातांच्या रुंदीपेक्षा कमी हवी. दात २.८ आणि पत्रा १.८ असेल तर नाईफ २.२-२.३ चा. हे आकडे त्याच्यावर कोरलेले असतात. ब्लेड बदलताना हे न बघता पातळ दाताचं ब्लेड टाकलं तर लाकूड नाईफलाच जाऊन अडतं.

पोर्टेबलमध्ये हे सगळं कंपनीतून बसून येतं म्हणून माझं मत तिकडे. जीटीएस २५४ ची मोटर १८०० वॅटची, म्हणजे ८ अँपिअरच्या आत, घरातल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर आरामात चालतं. ३ एचपी सिंगल फेज चालतानाच १४-१५ ओढते आणि स्टार्टला त्याच्या पाच-सहा पट. सी कर्व्हचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) चालू करतानाच पडू शकतो, स्टार्टचा झटका सोसणारा डी कर्व्हचा लागेल, वायर ४ स्क्वेअर एमएमची मेन बोर्डापासून वेगळी ओढावी लागेल. तो खर्च ५५ हजारात धरलाय का?

आणि लाइट जाते-येते म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितो. साधा टॉगल स्विच असलेलं मशीन अजिबात घेऊ नका. काम चालू असताना लाइट गेली, तुम्ही स्विच तसाच ठेवून चहाला गेलात, लाइट आली की ब्लेड आपोआप फिरायला लागणार, आणि शेडमध्ये तेव्हा लहान मूल असलं तर? नो-व्होल्ट कॉइलवालाच स्विच हवा, लाइट गेली की तो पडतो आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही. लोकल मशीन घेतलंत तर डीओएल स्टार्टर लावा, त्यात ती कॉइल असते. पण शेतातला जुना स्टार्टर आणून लावणार असाल तर त्याला ऑटो बसवलेला असतो बऱ्याचदा, पंप आपोआप चालू व्हावा म्हणून. तो ऑटो आधी काढून टाका.

सुतारमेट_नाशिक

नाईफचं मान्य. जुन्या मिस्त्रींची बोटं बघितलीत म्हणून नाही म्हणणार नाही. आमच्या मशीनला फॅब्रिकेटरकडून मागे पट्टी लावून घेतलीय, पण ब्लेडबरोबर वर-खाली होत नाही, ठरलेल्या उंचीलाच चालते. ज्यांना रोज दहा तास फाडायचंय त्यांनी इंडक्शनच घ्यावं यावर मी ठाम आहे, पण दादांचं काम सुट्टीच्या दिवशीचं दिसतंय.

दुसरं, तुळयांबद्दल कोणी बोललंच नाही. १० इंची ब्लेड वर काढून काढून ८० एमएमच्या आसपास जातं, सव्वातीन इंचही नाही. तुळई सहा-सात इंची असणार, ती कुठल्याच टेबल सॉवर घालायची नाही. सॉ मिलला नेऊन बँडसॉवर दोन-दोन इंची फळ्या पाडून आणा, बँडसॉचं पातं पातळ असतं त्यामुळे लाकूडही कमी वाया जातं. पण मिलवाला खिळेवालं लाकूड घेत नाही, त्याचं पातं तुटतं. म्हणून आधी खिळे काढा. कडीपाटात फळ्या ठोकायला जे जुने चौकोनी लोहारी खिळे वापरलेत ते डोक्याकडे गंजून तुटतात आणि पोटात राहतात. वरून काही दिसत नाही, फक्त एक काळपट डाग असतो, लोखंड आणि सागवानातला रस मिळून तो होतो. जिथे काळा डाग तिथे खिळा समजायचं. जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवा, खिळा असला की ओढला जातो. पटाशीने भोवती उकरा आणि पकडीने सरळ ओढा, वाकवून काढाल तर परत तुटेल.

पावसाळी_चिपळूण

मी एक वेगळा मुद्दा मांडते. आमच्याकडे पावसाळ्यात बिडाचं टेबल आठवड्यात लालसर व्हायला लागतं. लोकल घेणार असाल तर दर महिन्याला साधं पेस्ट वॅक्स घासायची तयारी ठेवा, सिलिकॉनवालं पॉलिश नको, ते लाकडाला लागलं की नंतर मेलामाइन-पॉलिश धरत नाही. पोर्टेबलचा टॉप अॅल्युमिनियमचा, त्याला ही कटकट नाही. कराडला हवा कोरडी आहे, तुम्हाला इतका त्रास नसेल पण शेड पत्र्याची आहे म्हणजे रात्री दव पडणारच.

दुसरं जागेचं. १२ बाय १५ च्या शेडमध्ये आठ बाय चारचा प्लाय टेबल सॉवर एकट्याने फिरवता येत नाही, पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळं लागतं. पलंगाला प्लाय लागणारच असेल तर वखारीतच मापाला कापून घ्या, बऱ्याच ठिकाणी पॅनल सॉ असतो. किंवा जमिनीवर फोमची शीट टाकून तुमचं आत्ताचं ७ इंची सॉ सरळ पट्टीवर चालवा. ते उलटं टांगलेलं काढून सरळ वापरायला लागलात तर तेही सोनं आहे, विकू नका!

आणि मास्क लावा हो. सागवानाच्या बारीक भुशाने अनेकांच्या हातावर, मानेवर पुरळ येतो आणि लाकडाचा भुसा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत. सुताराला नाकाचा त्रास व्हायचाच असं म्हणून लोक सोडून देतात, तसं करू नका. एन ९५ मास्क आणि मशीनच्या मागच्या तोंडाला व्हॅक्यूम, एवढं किमान.

एडिसनचा_हौशी

न्यू जर्सीतून लिहितोय, गॅरेजमध्ये काम करतो. माझ्याकडे सॉस्टॉप (बोट लागताच ब्लेड थांबवणारं टेबल सॉ) आहे म्हणून त्याबद्दल थोडं, कारण कोणीतरी विचारेलच. १९९९ साली स्टीव्ह गॅस नावाच्या माणसाने ही कल्पना काढली. ब्लेडमधून अगदी बारीक विद्युत सिग्नल सोडलेला असतो, कातडी लागली की तो बदलतो आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून पाच मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबतं. बोटाला ओरखड्यावर भागतं. एकदा झालं की ती ठोकळ्याची कार्ट्रिज गेली आणि बहुधा ब्लेडही गेलं.

पण दादा, इथून मशीन आणायचा विचार कोणी सुचवला तर करू नका, इथली घरगुती मशीनं बहुतेक १२० व्होल्टची, आणि दर वेळी कार्ट्रिज कुठून आणणार. आणि तुमच्या लाकडाला तर ते तसंही जड गेलं असतं, आत राहिलेला खिळा किंवा ओलं लाकूड लागलं तरी ब्रेक पडू शकतो. मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय ते हे की तो ब्रेक बोट वाचवतो, किकबॅक थांबवत नाही. त्यासाठी मलाही रायव्हिंग नाईफच लागतो. तेव्हा चिंचवडकरांच्या क्रमाला माझा पूर्ण पाठिंबा.

फेन्सबद्दल: जमलं तर रॅक अँड पिनियनची बघा, डीवॉल्टच्या डीडब्ल्यूई ७४९१ ला असते तशी. नॉब फिरवला की पुढचं आणि मागचं टोक एकदम सरकतं, दर वेळी गुण्या लावून बघायला लागत नाही. मी आधी साधी फेन्स वापरली आहे, फरक रोज जाणवतो.

कराडचा_सागवान

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. ठरवलंय असं: पोर्टेबल १० इंची घेणार, रायव्हिंग नाईफ आणि नो-व्होल्ट स्विच दुकानात स्वतः बघूनच. तुळया सॉ मिलला जातील. आज संध्याकाळी चुंबक फिरवला, ज्या कडीत एकही खिळा नाही असं वाटत होतं तिच्यातच ओळीने खिळे निघाले, सुतारमेटांनी सांगितलेले काळे डाग तंतोतंत. ताई, ७ इंची सॉ सरळ करून ठेवतोय, विकत नाही.

आता दोन प्रश्न. मशीनबरोबर येणारं ब्लेड पुरेल का, का दुसरं घ्यावं? आणि नवीन मशीन आलं की आधी काय तपासायचं?

गेज_चिंचवड

सोबत येणारं ब्लेड बहुतेक ४० दातांच्या आसपासचं असतं, आडवं कापायला ठीक. तुमचं मुख्य काम रेघेने फाडायचं, त्याला २४ दातांचं रिप ब्लेड घ्या. दात कमी म्हणजे मधली खाच मोठी, भुसा बाहेर पडायला जागा मिळते, मोटरवर ताण कमी आणि सागवान जळत नाही. सनमायका लावलेला प्लाय कापणार असाल तेव्हा ६० किंवा ८० दातांचं घ्या, आत्ता नको. घेताना भोक बघा, २५.४ आणि ३० अशी दोन मापं बाजारात आहेत, रिंग टाकून चालवायला लागू नये. आणि वर सांगितलेली नाईफची जाडी जुळते का तेही तिथेच बघा. खिळेवाल्या लाकडासाठी जुनं ब्लेड वेगळं ठेवा.

तपासायचं म्हणाल तर प्लग काढून ठेवा आणि एका दाताला मार्करने खूण करा. मायटर गेजच्या (आडवं कापायच्या सरकत्या गाईडच्या) टेबलावरच्या खाचेत गुण्या धरून तो दात पुढे असताना अंतर घ्या, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि परत घ्या. तोच दात घ्यायचा, नाहीतर ब्लेडचा वाक मापात मिसळतो. डायल गेज असेल तर ०.१ एमएमच्या आत आणा, नसेल तर गुण्याचं टोक दोन्हीकडे सारखं घासलं पाहिजे. फरक असला तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून जुळवतात, मॅन्युअलमध्ये असतं. हे झालं की फेन्स त्याच खाचेला समांतर लावा. मागचं टोक ब्लेडकडे झुकलेलं अजिबात चालणार नाही, उलट केसभर बाहेर असलं तरी चालेल. शेवटी ९० अंशाचा खटका गुण्याने तपासा आणि एक रद्दी पट्टी फाडून दोन्ही टोकांना कॅलिपर लावा.

फाडताना ब्लेडच्या रेघेत उभं राहू नका, डाव्या बाजूला सरका. फेन्स आणि ब्लेडमध्ये सहा इंचांपेक्षा कमी जागा असली की पुश स्टिक, हातमोजे घालू नका. आडवं कापताना फेन्स लावून मायटर गेज वापरायचा नाही, तुकडा मधे अडकतो. ब्लेड घेऊन आलात की त्याच्यावरचे आकडे इथे टाका, नाईफशी जुळवून बघू.