शिंगातलं शेण आणि बाटलीतला उंदीर

कोल्हा
एका छोट्या कौटुंबिक वाइनरीची बाटली उघडली. बायोडायनॅमिक शेती, नैसर्गिक वाइन, वर काही घातलेलं नाही. ग्लासात वास झकास. घोट गिळला, आणि पाच-दहा सेकंदांनी तोंडभर उंदराच्या पिंजऱ्याचा दर्प! हा दोष असाच लबाड. वाइनच्या आंबटपणात नाकाला सापडत नाही, लाळेत मिसळून आम्लता उतरली की उमटतो. त्यांना कळवलं तर उत्तर काय, "आमची वाइन जिवंत आहे." अहो, नासलेलं दूधही जिवंतच असतं.

ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टायनरने १९२४ मध्ये शेतीवर आठ व्याख्यानं दिली, त्यातूनच ही बायोडायनॅमिक शेती निघाली. तेव्हापासून लोक गाईच्या शिंगात शेण भरून थंडीभर पुरताहेत आणि चंद्र बघून छाटणी करताहेत. करा बापडे. पण फसलेल्या वाइनवर तत्त्वज्ञानाचं पांघरूण कशाला?

बांधावरची
कोल्होबा, तुम्हाला द्राक्षं आंबट लागणारच! :) पण दोन गोष्टींची गल्लत करताय. बायोडायनॅमिक ही बागेतली पद्धत, 'नैसर्गिक' ही तळघरातली. डिमिटर या बायोडायनॅमिक संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्या वाइनमध्येही ती टिकावी म्हणून थोडं गंधक (सल्फाइट) चालतं. तुमचा उंदीर तळघरात शिरला, राग शिंगावर का?

मी एका अशा बागेत हंगामभर राबले आहे. वसंतात शिंग उकरून दगडावर आपटलं, तर आतून काळाभोर, भुसभुशीत गोळा निघाला. शेणाचा वास औषधालाही नाही, नुसती ओली माती. हेक्टरी शंभरेक ग्रॅम पाण्यात टाकून तासभर ढवळायचं, एका दिशेने भोवरा धरला की मोडून उलट दिशेने. खांदे भरून येतात. चंद्राचं मलाही पटत नाही. पण रोज वेलीखाली वाकणाऱ्याला केवडा रोग पहिल्या पानावरच दिसतो, ते लाखमोलाचं.

कोल्हा
दिसल्यावर फवारता काय? मोरचूद-चुनाच ना? मोरचुदातलं तांबं मातीतून जात नाही, साठत राहतं. म्हणून तर युरोपीय संघाने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली. आणि हेक्टरी शंभर ग्रॅम शेणाने जमीन सुधारते म्हणता? हिशेब तरी बघा.

तळघर
शिंगाच्या भांडणात मी नाही. गंधकाबद्दल मात्र बोलतो, कारण हात त्यातच असतात.

युरोपात कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं, पांढऱ्याला २००. नैसर्गिक वाइनच्या 'वॅं मेतोद नात्यूर' या फ्रान्समधल्या शिक्क्याला ३० च्या आत राहावं लागतं. शून्य तसंही कठीण, यीस्ट स्वतःच थोडं तयार करतं. आणि रानटी यीस्टवर सोडणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. सुरुवातीला भलतेच यीस्ट माजतात, अल्कोहोल चढू लागला की ते मरतात आणि सॅकरोमायसीस, म्हणजे वाइनचं नेहमीचं यीस्ट, ताबा घेतं. मधल्या काळात पिंपाला कान लावून बसावं लागतं. एक सडका घड आत गेला, आम्लता कमी पडली, की संपलं. घालायला काही नसतं तेव्हा निवडायला जास्त लागतं.

पण कोल्हा म्हणतात ते खरं. उंदीर लागलेली वाइन विकायची नाही. काही महिने ठेवली तर कधी ओसरतो, कधी नाही. ओसरला नाही तर ओतून द्यायची. छोट्या घराला एक पिंप ओतणं म्हणजे काय, ते मात्र ज्याचं त्याला ठाऊक.

बांधावरची
हिशेब हवा? स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चालू असलेल्या बायोडायनॅमिक आणि रासायनिक शेतीच्या तुलनेचे २१ वर्षांचे आकडे २००२ मध्ये आले. बायोडायनॅमिकचं उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी कमी, पण खतं बरीच कमी लागली आणि मातीतली जीवसृष्टी जास्त.

कोल्हा
ती गहू-बटाट्याची शेतं, द्राक्षबाग नव्हे. शिवाय तिथे साधी सेंद्रिय शेतीही होती, आणि उत्पन्नाचं चित्र तिचंही तसंच. मग शिंगाचं श्रेय किती आणि कुजलेल्या शेणखताचं किती?

(तळघर, ओतून देण्याबद्दल मनापासून नमस्कार. मला उत्तर देणाऱ्यांनी एवढं म्हटलं असतं तरी मी धागा काढला नसता.)

बांधावरची
हा प्रश्न रास्त आहे, उत्तर माझ्याकडे नाही. येत्या थंडीत तेच शेण एका शिंगात आणि एका मातीच्या मडक्यात, शेजारी शेजारी पुरते. वसंतात उकरून वास घेऊन सांगते.

कोल्हा
डोळे बांधून घ्या. आणि कुठलं शिंगातलं, ते दुसऱ्याला ठरवू द्या.